वर्षभराचे सण मुलांबरोबर कसे करावेत : कामांची वाटणी, वही आणि काही सोडलेल्या गोष्टी

थोरली सात वर्षांची असताना एका लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिने मला विचारले, "बाबा, आज पण ओरडायचं का?" त्या वर्षी आम्ही दोघा नवरा-बायकोंनी नोकरी सांभाळून फराळाचे सात पदार्थ घरीच करायचे ठरवले होते. रात्री आठला घरी पोहोचल्यावर भाजणीची उकड काढायची, अकराला करंज्या भरायला बसायचे आणि सकाळी पुन्हा साडेसातची बस गाठायची, असे आठ दिवस चालले. चकल्या वातड झाल्या, आकाशकंदिलाचा दिवा ऐन वेळी गेला आणि पूजेची वेळ येईपर्यंत घरातला प्रत्येक जण दुसऱ्यावर खेकसत होता. मुलीने त्या दिवाळीतून जे उचलले, ते तिच्या प्रश्नात होते. त्यानंतरच्या सहा वर्षांत आम्ही सण करण्याची रीत थोडी थोडी बदलत नेली आणि तीच येथे लिहितो आहे. आमचे घर पुण्यातील एका सोसायटीत आहे. थोरली आता तेरा वर्षांची, धाकटा आठ वर्षांचा आणि माझी आई आमच्यासोबत राहते. ज्यांच्या घरी मोठे कोणी नाही, किंवा ज्यांचे कुळाचार अधिक काटेकोर आहेत, त्यांना यात फेरफार करावे लागतील.

सगळ्या रीतीचे मूळ एका निरीक्षणात आहे. माझ्या लहानपणीच्या एकाही दिवाळीतले कपडे मला आठवत नाहीत. परंतु शंकरपाळ्यांचे कातणे माझ्या ताब्यात असे आणि चुलतभावाने ते हातात घेतले की मी घर डोक्यावर घेई, हे लख्ख आठवते. मुलाच्या मनात सण रुजतो तो त्याच्या वाट्याला आलेल्या कामातून. म्हणून सणाची तयारी करताना 'काय काय करायचे' याआधी 'मुलांच्या हाती काय द्यायचे' हा प्रश्न घ्यावा, म्हणजे पुष्कळशा गोष्टी आपोआप गळून पडतात.

आधी वही

माझे वडील डायरीच्या शेवटच्या पानांवर दर दिवाळीचा हिशेब लिहीत असत : रवा किती, मैदा किती, डालडा किती, कोणता डबा तुळशीच्या लग्नापर्यंत उरला आणि कोणता पाडव्यालाच संपला. ते गेल्यानंतर या डायऱ्या माझ्या हाती आल्या आणि आमची वही तेथून सुरू झाली. दोनशे पानी साधी वही पुरते. प्रत्येक सणाला एक पान द्यावे आणि त्यावर तारीख, जेवायला किती माणसे होती, काय कमी पडले, काय वाया गेले, कोणी कोणते काम केले आणि कशावरून वाद झाला, एवढे लिहावे. वादाची नोंद विशेष उपयोगाची असते. आमच्या वहीत सलग तीन वर्षे 'मखराचे कागद आदल्या रात्री कापले, भांडण' अशी नोंद सापडली, तेव्हा चौथ्या वर्षी मखराचे काम आम्ही गणपतीच्या आधीच्या रविवारी हलवले.

ही नोंद सणाच्या रात्री किंवा फार तर दुसऱ्या दिवशी करावी. आठवड्याने लिहायला बसले की माणूस जे घडावेसे वाटत होते ते लिहितो. आणि मुलांना लिहिता येऊ लागले की लेखणी त्यांच्याकडे द्यावी. शुद्धलेखन तपासू नये.

तारखा का सरकतात, हे मुलांना एकदा नीट सांगावे

जानेवारीत नवी दिनदर्शिका आली की आम्ही एक संध्याकाळ काढून मोठ्या सणांभोवती रंगीत गोल करतो. त्या वेळी मुलांचा हमखास प्रश्न येतो की वाढदिवस दरवर्षी त्याच तारखेला, मग गणपती का नाहीत? उत्तर अवघड नाही. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे भरते आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे, त्यामुळे आपले सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतात; हा फरक साचत जाऊन सण ऋतू सोडून भलतीकडे जाऊ नयेत म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घातला जातो. गणेशचतुर्थी २०२४मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५मध्ये ती २७ ऑगस्टला आली आणि २०२६मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ती थेट १४ सप्टेंबरवर गेली. हे तीन आकडे दिनदर्शिकांवर दाखवले की आठ वर्षांच्या मुलालाही गणित पटते. संक्रांत मात्र सूर्यावर चालते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीलाच असते. वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांची ईद का कधी उन्हाळ्यात येते आणि कधी हिवाळ्यात, याचे उत्तरही येथेच मिळते, कारण हिजरी कालगणनेत अधिक महिना घालून फरक भरून काढत नाहीत. धाकट्याने यावर विचारले होते की अधिक महिन्यात वाढदिवस असलेल्या मुलाचे काय होते. आजीने त्याला उत्तर दिले, पण ते मला पटले नाही, म्हणून येथे देत नाही.

या बैठकीचा व्यावहारिक फायदाही आहे. होळी आणि पाडवा बहुधा वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतात, हे तेव्हाच दिसते आणि त्या सणांचा पसारा आवरता धरता येतो. ऑफिसातील रजा लवकर मागता येते. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी तर तारखेवर डोळा ठेवलाच पाहिजे, कारण रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होई, ते नोव्हेंबर २०२४पासून ६० दिवसांवर आले आहे आणि पहिल्या काही मिनिटांतच गाड्या भरतात.

मोठे चार, बाकीचे अर्ध्या तासाचे

चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे सगळे सण साग्रसंगीत करणे हे एकत्र कुटुंबाचे, शेतीच्या वेळापत्रकाचे आणि स्पष्टच सांगायचे तर घरातील बायकांच्या न मोजलेल्या श्रमांचे काम होते. माझी आई सणाच्या दिवशी सगळ्यांची पंगत उठल्यावर, दुपारी साडेतीन-चारला, गार झालेली पुरणपोळी घेऊन ओट्याजवळ बसायची. आम्हाला ते दिसत असे, पण त्यात काही खटकत नसे. म्हणून आमच्या घरी दोन नियम आहेत. पहिला असा की सणाच्या दिवशी सगळे एकाच वेळी जेवायला बसतात. गरम पोळीचा हट्ट कोणी धरायचा नाही आणि दुसरे वाढप मी व थोरली करतो. दुसरा असा की एखादा सण सोडायचा की धरायचा, हे त्याचा भार ज्याच्यावर पडतो त्याने ठरवायचे. वटपौर्णिमेचा उपवास माझ्या पत्नीने सोडला, तेव्हा त्यावर मत देण्याचा अधिकार मला नव्हता आणि माझ्या आईनेही तो घेतला नाही, याचे मला आजही कौतुक आहे.

गणपती-गौरी, दिवाळी, संक्रांत आणि पाडवा हे आमचे मोठे सण. बाकीच्यांना अर्धा तास. रामनवमीला सुंठवडा, आषाढीला खिचडी आणि शाळेतल्या दिंडीचे धोतर, नारळी पौर्णिमेला नारळीभात, कोजागरीला गच्चीवर दूध, चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि रोडगा. सणाचा एकच पदार्थ किंवा एकच कृती धरावी आणि ती दरवर्षी तीच ठेवावी. मुलांना नावीन्याची हौस असते असे आपण समजतो. सणांच्या बाबतीत ती पक्की सनातनी असतात आणि गेल्या वर्षी सुंठवडा पितळी वाटीत होता, मग यंदा स्टीलच्या का, असे विचारतात.

लहान सणांपैकी आषाढ अमावास्येची दिव्यांची पूजा मुलांसाठी सर्वांत सोयीची आहे आणि ती बहुतेक घरांतून हरवत चालली आहे. त्या दिवसाचे दुसरे नाव आता मटणाच्या दुकानांपुढील रांगांमुळे अधिक ठाऊक आहे. त्याला माझी हरकत नाही, पण सकाळ तर मोकळी असते. घरातील समई, निरांजने, लामणदिवा, देवघरातील कोनाड्यात विसरलेल्या पणत्या, सगळे बाहेर काढावे. चिंच आणि मीठ लावून पितळ घासण्याचे काम मुलांकडे द्यावे, कारण काळे पडलेले पितळ चिंचेच्या कोळाने डोळ्यांदेखत उजळते आणि एवढे झटपट फळ देणारे दुसरे घरकाम नाही. मग पाट मांडून, रांगोळी काढून सगळे दिवे ओळीने ठेवायचे, कणकेचे गोड दिवे उकडायचे आणि तुपाबरोबर खायचे. धाकटा या रांगेत विजेरी आणि आपला अभ्यासाचा टेबललॅम्पही ठेवतो. आजीने पहिल्या वर्षी भुवया उंचावल्या होत्या. आता तीच टेबललॅम्पला हळदकुंकू लावते.

दुसरी जपावी अशी गोष्ट म्हणजे श्रावणातली पिठोरी अमावास्या. आई खीर-पुरीचे वाण डोक्यावर घेऊन, मागे न बघता, "अतीत कोण?" असे विचारते आणि मागे उभे असलेले मूल आपले नाव सांगून ते वाण घेते. दोन मिनिटांचा विधी आहे. त्याला ना मुहूर्ताची घाई, ना बाजारातील साहित्याची. मुलाला त्या दोन मिनिटांत आपण कोणाला तरी हवे आहोत एवढे कळते आणि धाकटा वर्षभर त्याची वाट पाहतो, कारण कोजागरीला आश्विनी म्हणून थोरल्या अपत्यालाच ओवाळतात, हा अन्याय त्याच्या मनात दर पौर्णिमेला नव्याने ताजा होतो.

कोणत्या वयाला कोणते काम

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना निवडण्याची आणि मांडण्याची कामे द्यावीत : दूर्वांच्या जुड्या मोजणे, फुलांचे देठ काढणे, सुपाऱ्या पुसणे, रांगोळीचे ठिपके. याच वयात संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करता येते. त्यात बोरे, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे डोक्यावरून ओतले जातात आणि भोवतीची मुले ते लुटतात. उसाचे तुकडे लहान करावेत आणि बोरे मुलाच्या डोक्यावर उंचावरून टाकू नयेत, एवढी काळजी पुरते.

पाच ते आठ या वयात हाताला वळण लागते. लाडू वळणे, करंजीची कड मुडपणे, ताट वाढणे. ताट वाढणे हे दुर्लक्षित शिक्षण आहे : मीठ वर मध्यभागी, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद. धाकट्याने याचा नकाशा काढून फ्रीजवर चिकटवला आहे आणि पाहुण्यांनी चटणी उजवीकडे सरकवली की तो त्यांना सांगतो. आठनंतर वाण्याची यादी आणि हिशेब मुलांकडे जावेत. अकरानंतर एक संपूर्ण सण सोपवावा.

आमच्याकडे थोरलीला पाडवा दिला. आदल्या रात्री काठी धुऊन पुसून ठेवणे, खण किंवा साडी निवडणे, कडुलिंबाची डहाळी, आंब्याची पाने, साखरगाठी आणि फुलांची माळ यांची जमवाजमव, वर तांब्या पालथा घालणे, हे सगळे तिचे. शिवाय सूर्यास्तापूर्वी गुढी उतरवण्याची आठवणही तिचीच. एकदा तिने काठी खिडकीच्या गजाला सैल बांधली आणि दुपारच्या वाऱ्याने तांब्या खालच्या मजल्यावरील पत्र्यावर आदळला. आम्ही कोणी बोललो नाही. पुढच्या वर्षी तिने बांधणीसाठी सुतळी दुहेरी केली आणि तांब्याच्या गळ्याला वेगळी गाठ मारली. कडुलिंबाची चटणी धाकट्याकडे असते : कोवळी पाने, गूळ, चिंच, ओवा, जिरे, हिंग, मीठ. कोणाच्या गोळीत पाला किती आणि गूळ किती हे तो ठरवतो, आणि त्या दिवशी सकाळी घरातील सगळे त्याच्याशी नम्रपणे वागतात.

दोन पथ्ये सांभाळावीत. एकदा दिलेले काम परत घेऊ नये आणि मुलाने केलेले काम त्याच्या पाठीमागे पुन्हा करू नये. वाकडी रांगोळी पुसून नवी काढलेली मुलाला नेहमी कळते. आणि कामे मुलगा-मुलगी पाहून वाटू नयेत. धाकटा पोळपाटाशी बसला की काही नातेवाईक कौतुकाने हसतात. थोरली बसली असताना ते हसले नव्हते, हे तिने मला नंतर दाखवून दिले.

गणपती : महिनाभर आधीपासून

मूर्ती शाडूची आणि लहान, आठ-नऊ इंचांची, ठरवावी. ती महिनाभर आधी सांगून ठेवावी लागते. लहान मूर्ती मुलांना पाटावर घेऊन चालत आणता येते आणि विसर्जन घरी बादलीत करता येते. शाडू पाण्यात काही तासांत ढासळू लागतो; दुसऱ्या दिवशी निवळ ओतून माती तुळशीच्या किंवा जास्वंदीच्या कुंडीत घालावी. पहिल्या वर्षी धाकटा बादलीशेजारी बसून रडला. नदीवर मूर्ती हातातून सुटते आणि दिसेनाशी होते, बादलीत मात्र ती हळूहळू विरघळताना दिसते, हे आम्ही लक्षात घेतले नव्हते. तेव्हापासून आम्ही बादलीवर फुले पसरतो आणि माती कुंडीत घालण्याचे काम त्याला देतो. त्या कुंडीला पहिली जास्वंद आली की ती पुढच्या गणपतीला, असे त्याने परस्पर ठरवून टाकले आहे.

मोदकांविषयी थोडे सविस्तर. नोकरी करणाऱ्या घरात चतुर्थीच्या सकाळी एकवीस मोदक करणे अगदी शक्य आहे, मात्र सारण आदल्या रात्री झालेले हवे. दोन वाट्या ओल्या नारळाचा चव आणि एक वाटी चिरलेला गूळ मंद आचेवर शिजवून, गोळा होऊ लागला की उतरवावा; फार आटवला तर निवल्यावर कडक होतो. वेलची, खसखस उतरवल्यावर घालावी. सकाळी एक वाटी पाणी, चिमूट मीठ आणि चमचाभर लोणी उकळवून त्यात एक वाटी तांदळाची पिठी घालावी, ढवळून, झाकून दोन वाफा आणाव्यात आणि उकड सोसेल तितकी गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळावी. मोदक फुटण्याचे कारण बहुतेक वेळा मळणीतच असते. वाफवण्यापूर्वी प्रत्येक मोदक पाण्यात बुडवून चाळणीत ठेवावा आणि दहा-बारा मिनिटे वाफवावे. चाळणीत हळदीचे पान मिळाले तर घालावे. त्याच्या वासाने घराला चतुर्थी कळते.

मुलांना थेट मोदकाच्या कळ्या पाडायला बसवू नये. उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरे, कोथिंबीर घालून ज्या निवगऱ्या करतात, त्या आधी त्यांच्या हाती द्याव्यात. निवगरीला आकाराची अट नसते, त्यामुळे हात बिचकत नाही. मी स्वतः चाळिशीत याच वाटेने मोदकापर्यंत आलो. आईने मला पहिले वर्ष निवगऱ्यांवरच ठेवले होते. मुलाचा पहिला मोदक लसणीच्या गड्ड्यासारखा दिसला तरी तो नैवेद्याच्या ताटात पुढे ठेवावा.

गौरी आमच्याकडे मुखवट्याच्या असतात. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन हा क्रम आजी सांभाळते. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पावले उमटवण्याचे काम मुलांचे. गौरी घरात फिरवताना "कशाच्या पावलांनी आल्या?" या प्रश्नाला उत्तर द्यायचे असते आणि पारंपरिक उत्तर सोन्यामोत्याच्या पावलांचे असले तरी स्वयंपाकघरात शिरताना धाकटा "पुरणपोळीच्या" असे सांगतो. सोळा भाज्यांचा आग्रह आम्ही सोडला. एकत्र चिरून एक मिसळीची भाजी करतो, सोळा मोजण्याचे काम मुलांना देतो, आणि आजपर्यंत कोणी रुष्ट झाल्याचे जाणवले नाही.

त्यामागून येणारा पितृपक्ष सणांत धरत नाहीत, पण आजोबांच्या तिथीला त्यांच्या आवडीची आमसुलाची चटणी आणि त्यांच्या डायरीतील एक पान मोठ्याने वाचणे, एवढे आम्ही करतो. थोरलीला आजोबा आठवतात. धाकट्याला ते डालडाच्या हिशेबातूनच माहीत आहेत.

दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत

दसऱ्याला पाटीवर एक-एकच्या आकड्यांनी सरस्वती काढावी. पाटी आता मुद्दाम विकत आणावी लागते, तरीही आणावी. आपट्याच्या फांद्या ओरबाडून विकल्या जातात आणि त्यांत कांचनाची पानेच पुष्कळ असतात. आम्ही एका माणसाला एकच पान देतो आणि पान देताना वाकून नमस्कार मात्र पूर्ण करायला लावतो.

फराळात आता घरचे तीनच पदार्थ असतात, बाकीचे बचत गटाकडून येतात. एक पदार्थ थोरली निवडते, एक धाकटा, एक आजी. भाजणी नवरात्र संपताच भाजून आणावी, करंज्या एकाच रविवारी सगळ्यांनी बसून संपवाव्यात आणि चिवडा सर्वांत शेवटी करावा. करंज्यांच्या रविवारी शेजारच्या मुलांनाही बोलवावे. काही करंज्या तळताना उघडतात आणि तेल खराब होते, पण दुपार चांगली जाते.

किल्ला हा मुलांच्या दिवाळीचा कणा आहे. वसुबारसेच्या आधी पाच-सहा दिवस दगड-विटांचा सांगाडा रचून त्यावर गोणपाट टाकावे, माती लिंपावी आणि अळीव किंवा मोहरी पेरावी, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत हिरवळ येते. मोठ्यांनी पाण्याची बादली आणून द्यावी आणि बाजूला व्हावे. तयार किल्ला बाजारातून आणू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. किल्ला खऱ्या किल्ल्यावर बेतावा आणि हिवाळ्यात तेथे चढून जावे. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांना, महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी यांना, युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, तेव्हा धाकट्याने दरवर्षी एक या हिशेबाने बारा वर्षांचा बेत लिहून ठेवला. पहिला लोहगड झाला, कारण विंचूकाट्याची लांब सोंड मातीत करणे सोपे असते. सिंधुदुर्गासाठी समुद्र कसा करायचा, यावर सध्या विचार सुरू आहे. आजीच्या मोठ्या पितळी परातीवर डोळा ठेवलेला आहे.

माझी बहीण जर्मनीत असते. भाऊबीजेला ती व्हिडिओ कॉलवर ओवाळते. आपण साडेतीन-साडेचार तास पुढे असल्यामुळे ती ऑफिसला निघण्यापूर्वी हे होते. अशा ओवाळणीत दोन्हीकडे ताट खरे असावे, निरांजन खरे पेटलेले असावे आणि पाटावर बसूनच ओवाळून घ्यावे, नाहीतर तो नुसता फोन होतो. तिच्यासाठीचा फराळ सप्टेंबरअखेरीसच रवाना करावा लागतो, म्हणून शंकरपाळी आधी होतात. चकल्या पाठवू नयेत. पोहोचतो तो चुरा.

संक्रांत आणि हळदीकुंकू

तिळाच्या लाडवांचा पाक मुलांपासून दूर ठेवावा. तो दिसतो त्याहून फार गरम असतो आणि चिकटतो. दाणे सोलून पाखडणे आणि तीळ भाजताना कितीदा तडतडले हे ऐकणे ही त्यांची कामे. नायलॉनचा मांजा घरात आणू नये. त्यावर बंदी आहे आणि त्याने पक्ष्यांचेच नाही, दुचाकीस्वारांचेही गळे चिरले आहेत.

हळदीकुंकवाविषयी लिहिणे मला टाळता येत नाही. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आई सकाळपासून आतल्या खोलीत बसून होती. थोरली तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने सगळ्या बायकांसमोर विचारले, "आजीला का नाही?" कोणाकडेच सांगण्यासारखे उत्तर नव्हते. माझ्या पत्नीने कुंकवाची कोयरी उचलली आणि आत गेली. आईने त्या दिवशी नको म्हटले. पुढच्या वर्षी वाण तिने निवडले आणि आलेल्या प्रत्येकीला, नवरा असलेल्या आणि नसलेल्या, तिळगूळ तिनेच दिला. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ती बातमी तिने कापून वहीत चिकटवली आहे. एखादी रीत घरात कोणाला बाहेर ठेवते आहे का, हे मुले आपल्या आधी पाहतात. त्यांनी विचारले की गप्प बसवू नये, आणि ज्या व्यक्तीबद्दल विचारले तिला घाईही करू नये.

शेजाऱ्यांचे सण, आणि मुले मोठी होऊ लागल्यावर

ईदेला वरून शीरखुर्मा येतो, नाताळात समोरच्या गोव्याच्या कुटुंबाकडून नेवऱ्या आणि दोदोल. डबा रिकामा परत करू नये, हा जुना नियम मुलांनी पाळावा. काय घालून परत करायचे तेही त्यांनी ठरवावे. समोरच्यांच्या नेवऱ्या आणि आमच्या करंज्या एकाच घराण्यातल्या आहेत, हा शोध धाकट्याने लावला आणि त्यावर दोन्ही घरांत अर्धा तास वाद झाला.

यंदा थोरलीने भोंडल्याला येणार नाही असे सांगितले. तेराव्या वर्षी पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरणे तिला अवघड वाटते आणि खिरापत ओळखण्यापुरते तरी ये, ही विनवणीही चालली नाही. आम्ही ते मान्य केले. सणाला न येण्याची मुभा मोठ्या होणाऱ्या मुलांना असावी. मात्र हातातले काम वाऱ्यावर सोडू नये, ते कोणाला तरी शिकवून द्यावे, असे आम्ही ठरवले आहे. भोंडल्यानंतर आठवड्याने तिने पाडव्याचे कामही धाकट्याकडे द्यायचे असे सांगितले, कारण येती दोन वर्षे तिच्या परीक्षा पाडव्याच्या आसपास असतील. त्याला दुहेरी सुतळीची गाठ तिने गॅलरीत उभे राहून तीनदा मारून दाखवली. वहीत तशी नोंद आहे : 'गुढी दोन वर्षांसाठी दिली, कायमची नाही.' खाली दोघांच्या सह्या आहेत आणि साक्षीदार म्हणून आजीची.